चोपन्न फाइली, बारा ओळी

उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या एका दुकानाच्या माळ्यावर एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. कंपनी म्हणायचं आपलं. खुर्च्या पाच, त्यातली एक मोडकी. तिथे पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टांचा प्रोग्राम बनतो. कुळगावची रिद्धी तिथे सहा महिन्यांच्या बोलीवर लागली. काम पसंत पडलं तर पर्मनंट, नाहीतर रामराम. तिचे वडील हरिचंद्र मात्र आधीच आळीभर सांगून मोकळे झाले होते, "आमची पोर पर्मनंट होनार."

लॅबच्या तपासण्या चोपन्न. प्रत्येक तपासणीचा वेगळा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, वेगळ्या फाइलीत, आणि तो कोणी हाताने लिहीत नसे. तपासण्यांच्या तक्त्यावरून जनरेटर नावाचा दुसरा प्रोग्राम तो आपोआप बनवायचा. पण आकडा हद्दीबाहेर गेला की लाल छापायचा आणि डॉक्टरला मेसेज धाडायचा, ही वागणूक चोपन्नही क्लासना सारखीच हवी होती. त्याच्या बारा ओळी तिथला जुना माणूस संतोषदादा प्रत्येक फाइलीत हाताने पेस्ट करायचा. तक्ता बदलला की जनरेटर सगळ्या फाइली नव्याने बनवणार, पेस्ट केलेलं पुसलं जाणार, आणि दादा पुन्हा पहिल्यापासून. दोन-दोन दिवस मान वर नाही. मालक उन्मेषसर कौतुकाने म्हणायचे, "बघा, याला म्हणतात मेहनत." डोळ्यांना दिसते तेवढीच मेहनत, असं मानणाऱ्यांपैकी ते होते. रिद्धी आल्यावर निम्म्या फाइली तिच्या गळ्यात पडल्या.

पाचव्या महिन्यात तिचं डोकं फिरलं. बारा ओळी तिने एकाच क्लासमध्ये लिहिल्या आणि जनरेटरच्या साच्यातच सांगून टाकलं की यापुढे जन्माला येईल तो प्रत्येक क्लास या एकाचं लेकरू. मग तक्ता दहादा बदला, फाइली शंभरदा बनवा, आईचे गुण लेकरांत उतरणारच. दोन तासांत काम फत्ते.

सरांकडे जायचं सोडून ती आधी संतोषदादाला दाखवायला गेली. मोठ्या माणसाला डावलून पुढे जाऊ नये, हे घरचं वळण. तिथेच तिने माती खाल्ली.

दादाने स्क्रीनकडे धड पाहिलंसुद्धा नाही. "मला पाच वर्षांपासून माहितीये हे."

"मग केलं का नाही?"

"केलं असतं तर पाच वर्षं टिकलो असतो का इथे? अठ्ठेचाळीस चालूये मला. काम दोन मिनिटांत झालं तर सर मला कशाला ठेवतील? थोडे दिवस गप्प बस ना यार."

रिद्धीला राग आला आणि कीवही आली. मनगट सुजेपर्यंत याने आपल्याला उगाच राबवलं! तरी ती गप्प बसली. कोणाच्या पोटावर पाय द्यायचं तिच्या जिवावर आलं.

सोमवारी ती आली तर ऑफिसात पेढे. संतोषदादाने रविवारी येऊन तिचाच क्लास सरांना दाखवला होता. "पाच वर्षं डोक्यात होतं, सर," तो सांगत होता, आणि यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हीच तर त्याची हरामखोरी.

"सर, ते मी लिहिलंय," रिद्धी म्हणाली.

"शिकाऊ माणसाने असं बोलू नये, रिद्धी," सर म्हणाले. "ज्याने शिकवलं त्याचंच श्रेय घेतेस?"

दादा पेढ्याचा कागद उलगडत राहिला. तो हेड झाला. महिनाअखेर सर तिला म्हणाले, "आता पेस्ट करायला काही उरलंच नाही, तर तुला काम काय देऊ?" हरिचंद्रांनी आळीत काय सांगितलं, ते विचारायची तिला हिंमत झाली नाही.

अनुभवाचं पत्र नव्या हेडनेच लिहून दिलं. ते घेऊन ती अंबरनाथ पश्चिमेला एका ऑफिसात मुलाखतीला गेली. समोरच्या बाईंनी मोठ्याने वाचलं, "चोपन्न फाइलींमध्ये ठरावीक ओळी कॉपी-पेस्ट करण्याचे काम चोख केले."

त्यांना हसू आलं. "आमच्याकडे असं नाही हं करत. सारखी वागणूक एका पेरेंट क्लासमध्ये ठेवतो. माहितीये का हे तुला?"

"हो मॅडम. तिथे ते मीच केलं."

बाईंनी पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं, मागची बाजूही पाहिली. मग घडी घालून तिच्याकडे सरकवलं.

"तसं सगळेच म्हणतात गं," त्या म्हणाल्या. "कळवू."