नागूबाईची जीभ

भाद्रपदातल्या कोवळ्या उन्हात, भाताच्या लोंब्यांवर दव अजून थरथरत असताना, शेतात वाकून ओंजळीतले पाणी ओठांशी नेणारी एक कृश आकृती मला आजही दिसते. ते पाणी ती पीत नसे. जिभेच्या अग्रावर क्षणभर टेकवी, बीजमंत्र मनात उतरावा तसे डोळे मिटी, आणि बाजूला थुंकून शांतपणे म्हणे, "गोड हाय." त्या दोन शब्दांवर आमचे गाव पुढच्या उधाणापर्यंत निर्धास्त निजे.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षे झाली असतील. करावे गावाच्या अलीकडे, खाडीकाठी आमची वस्ती होती. आमची शेते म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली भूमी. मध्ये केवळ एक मातीचा बांध. खेकडे तो आतून पोखरीत, आणि खाडी शेतात झिरपू लागली तरी डोळ्यांना कळत नसे. ते जिभेला कळे. म्हणून प्रत्येक अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आधी नागूबाई बांधाच्या कडेकडेने पाणी चाखीत जाई, जशी तिच्याआधी तिची सासू जात असे. शास्त्राने रसनेला ज्ञानेंद्रिय म्हटले आणि वाणीला कर्मेंद्रिय. मी ते पाठशाळेत घोकले होते. नागूबाईच्या ठायी त्या दोहोंत तसूभरही अंतर नव्हते. जे चाखले, तेच ती बोले.

तिच्या जिभेवर मिरीच्या दाण्याएवढा काळा डाग होता.

एका श्रावणात ती म्हणाली, "खारा हाय. वराकडचा बांध आमुशाला जानार."

"नागूबाय, जरा साखर खाऊन बोलत जा गो!" कोणीतरी हसले. वडाजवळच्या त्या बांधावर पाटीभर मातीही कोणी टाकली नाही. अमावास्येला बांध गेला, आणि हसणारेच देवळाच्या अंगणात मजपुढे येऊन उभे राहिले.

"भटजी, हिची जीब काली हाय. बोलली म्हनून बांध गेला."

"बोलली म्हनून नाय रं," ती म्हणाली, "तुमी लोलत पडलाव म्हनून गेला."

मी सव्वीस वर्षांचा होतो. माझी चूल त्यांच्या शिध्यावर पेटत होती. जिभेवरच्या डागाने माती फुटते असे एकही वचन मला ठाऊक नव्हते. तरीही पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत तिने देवापुढे मौन धरावे असा निर्णय मी मृदू, संस्कृतप्रचुर शब्दांत दिला, आणि तो देताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही. नागूबाईने हात जोडले. माझ्या मुखातून देव बोलतो असे ती मानीत होती. तिची चूक एवढीच.

पुढच्या वर्षी भाद्रपदी पौर्णिमेला दोन दिवस असताना ती माझ्या ओटीवर आली. शेतातले पाणी भरलेला तांब्या तिने माझ्यापुढे ठेवला आणि बोटाने ओठांकडे खूण केली. मी चाखले. खारट होते. पिकू लागलेल्या भातावरून वारा त्या वेळी असा वाहत होता, की अवघे शिवार एका लयीत झुलावे. तिचे डोळे एवढेच विचारीत होते: मला मोकळी करा, नाहीतर तुम्ही सांगा. दोन्ही मला शक्य होते. पण दोन्हींत माझा गतवर्षीचा निर्णय खोटा ठरत होता.

"व्रत मोडू नका, नागूबाई," मी म्हणालो. "देव पाहतो आहे."

ती तांब्या उचलून गेली.

पौर्णिमेच्या भरतीने उभे पीक गिळले. पुढची तीन वर्षे त्या भूमीत भात रुजला नाही. त्या सकाळी चिखलात उभे राहून तेच लोक तिच्यावर ओरडत होते, "गावाचा पानी चाखतेस, मंग सांगलास का नाय?" मी चार पावलांवर होतो. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. दिवाळी आली, व्रताची मुदत सरली. नागूबाई पुन्हा बोलली नाही.

पुढे काही वर्षांनी तिच्या अंतकाळी मला बोलावणे आले. तुळशीपत्र आणि गंगाजल घेऊन मी तिच्या उशाशी बसलो. पळी ओठांजवळ नेताच तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मी नाममंत्र म्हटला, पुन्हा पळी नेली. ओठ उघडले नाहीत. शेवटी सून म्हणाली, "द्या भटजी, मी घालतय." तिच्या हातून ते जल नागूबाईने लहान मुलासारखे निमूट घेतले.

काळ अपराध धुऊन नेतो असे म्हणतात. मला तर तो एकेक साक्षीदारच उचलून नेताना दिसला; आणि ज्याच्याजवळ क्षमा मागावी असे कोणीच उरत नाही, तेव्हाच स्मृती खऱ्या अर्थाने बोलू लागते.