पाटलांचं प्रस्थान

आमच्या मालकांनी, म्हणजे बोरीचा सारा वसूल करणाऱ्या माली पाटलांनी, हैदराबाद कधी पाहिलं नव्हतं. ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती, आणि तरी हैदराबादचं काही विचारायचं झालं की गाव त्यांच्याचकडे यायचं. चारमिनारच्या कुठल्या अंगाला बांगड्यांचा बाजार, निजाम सरकारची मोटार निघाली की शिट्ट्या कशा वाजतात, गोवळकोंड्याच्या दाराशी वाजवलेली टाळी वर गडावर कशी ऐकू येते, सगळं तोंडपाठ. ऐकलं होतं पाथरीच्या एका कारकुनाकडून, पण सांगताना वाटावं की टाळी यांनीच वाजवली होती.

जायचं मात्र दरवर्षी ठरायचं. पंचांग उघडायचं, मुहूर्त निघायचा आणि नेमकं त्या दिवशी काही तरी काम निघायचं. मग प्रस्थान ठेवायचं. मुहूर्तावर माणसाला निघता आलं नाही तर त्याची वस्तू घराबाहेर पडते आणि माणूस मागाहून ती उचलून पुढे जातो, अशी आपल्यात रीत आहे. यांची रुमी टोपी, एक धोतर, हळकुंड, सुपारी, मूठभर तांदूळ असं गाठोडं वेशीजवळ बन्सीधर वाण्याच्या घरी जायचं आणि दोन-तीन दिवसांनी तितक्याच इतमामाने परत यायचं. कधी मांजर आडवं गेलं, कधी कुणी शिंकलं, एकदा तर शेजारच्या गावची म्हैस अडली होती. अकरा वर्षांत ते गाठोडं अकरा वेळा निघालं. परभणीचं स्टेशन काही त्याला दिसलं नाही.

खरं सांगू? हे घाबरत होते. गावात यांच्या शब्दाला वजन. त्या शहरात यांना 'बाजूला सरक' म्हणणारे ढिगाने मिळाले असते. मला ते कळत होतं, म्हणून मी हसून सोडून द्यायची.

सरकारच्या रौप्यमहोत्सवाच्या वर्षी मात्र हसू आलं नाही. माझा उजवा डोळा आधीच गेला होता. जिंतूरच्या डॉक्टरांनी डावा तपासला आणि म्हणाले, हाही वर्षभरात जाईल, इलाज नाही. घरी येऊन मी यांना म्हटलं, "मला दुसरं काई नको. दिसतंय तवर एकडाव चारमिनार दावा."

यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. लगेच पंचांग काढलं. मुहूर्त निघाला सोमवारचा. सोमवारी तहसीलचा माणूस यायचा होता, म्हणून बारावं प्रस्थान ठेवलं आणि बुधवारी निघायचं ठरलं. बुधवारी सकाळी पाल चुकचुकली.

"आता संक्रांतीनंतर बघू, धुरपता," हे म्हणाले. "डोळा काय लगेच जायलाय?"

उभ्या संसारात मला या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता. पालीला जेवढं विचारलं, तेवढं मला विचारलं असतं तरी चाललं असतं.

शेजारच्या भागम्मा त्याच दिवशी लेकीला बाळंतपणासाठी आणायला हैदराबादला निघाल्या होत्या. गाडी जुंपलेली होती. मी लुगडं बदललं, बन्सीधराच्या घरी गेले आणि गाठोडं मागितलं.

"व्यंकटराव पाटील कुठं हायत?" त्यानं विचारलं.

"हे काय, काखेत," मी म्हटलं आणि भागम्मांच्या गाडीत जाऊन बसले.

हैदराबादला भागम्मांच्या जावयाने मला टांग्यातून चारमिनारपाशी नेलं. डाव्या डोळ्याला सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसत होतं, पण चारमिनार काही लहानसहान वस्तू नाही. मान मागे टाकली आणि पोटभर पाहिला. वरची नक्षी मात्र कळेना, म्हणून खालच्या भिंतीवर हात फिरवला. गार, खरखरीत भिंत होती आणि चुन्याचे पोपडे सुटले होते. अकरा वर्षांच्या वर्णनात पोपडे कधी आले नव्हते. मला फार आनंद झाला.

मग कमानीखाली गाठोडं सोडलं, टोपी वर ठेवली आणि म्हटलं, "घ्या, बघा."

पोलीस आला. "अम्मा, ये क्या रखे यहाँ?"

"आमचे मालक हायत. चारमिनार बघायलेत."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग टोपीकडे. हैदराबादी माणूस अदबशीर. "जल्दी दिखाके उठा लेव अम्मा," म्हणाला आणि टांगेवाल्यांवर ओरडायला गेला.

आठव्या दिवशी परत आले तर घराचं दार बंद. प्रस्थान निघून गेलं म्हणजे माणूस गेला, आता गावात तोंड दाखवलंत तर मोठा अपशकुन, असं बन्सीधराने यांना बजावलं होतं. म्हणून पाटील आठ दिवस माजघरात बसून होते आणि सून ताट आत सरकवत होती. मला पाहताच यांनी कोपऱ्यात घेऊन विचारलं, "कसा हाय गं?" मी होतं तसं सांगितलं. यांनी टोपी घातली, तिच्यावरची धूळही झटकली नाही, आणि थेट बन्सीधराच्या ओट्यावर गेले. त्या संध्याकाळी गावाने पाटलांकडून चारमिनार पुन्हा ऐकला, या वेळी पोपड्यांसकट. बन्सीधरही मान डोलावत होता. त्याच्याच घरून गेले होते ना पाटील.

मला कुणी काही विचारलं नाही.

संक्रांतीच्या आधीच डावा डोळा गेला. हे माझं सगळं करतात, हाताला धरून अंगणात नेतात, त्यात खोट नाही. परवा असेच जवळ येऊन बसले. पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"धुरपता, अवंदा नक्की जाऊ. म्या सोता तुला चारमिनार दावतो."

मनापासून बोलत होते, ते आवाजावरूनच कळलं. मला राग यायला हवा होता, पण आलं रडू. पदराने डोळे पुसले. तेवढ्या कामाला ते अजून येतात.

"ठेवा प्रस्थान," मी म्हटलं. "आता मला काई घाई न्हाई."