दुजाभाव

बाबांनी उजवीकडच्या वाफ्यातून छोट्या कांद्यांचा एक झुबका उपटला, माती झटकली आणि बुडाशी अंगठा दाबून पाहिला. टणक. मग डावीकडचा उपटला. तोही टणक.

“बघ,” ते लेकीला म्हणाले, “गेल्या साली सड आली, यंदा आलीच नाही. यात तुझ्या बुरशीचा काय संबंध?”

लेकीने दोन्ही झुबके हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. तिने सड रोखणाऱ्या मित्रबुरशीची पावडर शेणखतात मुरवून, पाण्यात कालवून उजवीकडच्या सहा वाफ्यांना घातली होती. डावीकडच्या सहांना मुद्दाम नुसतं शेणखत. गेल्या साली निम्मं पीक बुडातून सडलं, तेव्हाच बापलेकीत ठरलं होतं : फरक दिसला तर शेत तिच्या हाती, नाही दिसला तर शहरातली नोकरी मुकाट्याने धरायची. नोकरीचा होकार उद्या कळवायचा होता.

आई मघापासून बांधावर बसून हे ऐकत होती. लेक हातांची माती झटकून घराकडे वळली, तेव्हा मात्र आईला राहवेना.

“अहो, थांबा जरा. मीच घोळ घातलाय.”

दोघंही थबकले.

“बुरशी घातली त्या दिवशी ही घरी गेल्यावर पिंपात ते पाणी बरंच उरलं होतं. ओतून द्यायचं जिवावर आलं. आणि डावीकडचे हे बिचारे... एकाला वाढायचं आणि शेजारच्याला कोरडं ठेवायचं, मला नाही जमलं. यांनाही घातलं.”

लेकीने कपाळाला हात लावला. “आई! अगं, ते मुद्दाम तसेच ठेवले होते!”

“माहितीये गं. दहादा सांगितलं होतंस.”

लेकीचे डोळे भरून आले आणि आईला स्वतःचाच भयंकर राग आला. चार महिने पोर उन्हातान्हात राबली, आणि सख्ख्या आईने तिच्या कष्टांची माती केली. बाहेरच्या कुणी केलं असतं तर आईनेच त्याला फाडून खाल्लं असतं.

बाबा मात्र डावीकडच्या वाफ्यांकडे बघत होते.

“सगळ्यांना पुरलं?”

“नाही. पिंप पार आडवं केलं, तरी भिंतीलगतच्या वाफ्याला थेंब उरला नाही.”

बाबा चालत भिंतीपाशी गेले. काढणीचे दिवस, सगळ्याच पाती पिवळ्या पडून माना टाकलेल्या, वरून काही कळायला मार्ग नव्हता. कमरेवर हात ठेवून ते वाकले. एक झुबका ओढला, दुसरा ओढला, मग खाली बसून ओढतच राहिले. आई उठून उभी राहिली, पण पुढे जायचा धीर तिला झाला नाही.

ते परतले तेव्हा ओंजळ भरून कांदे होते, बुडाशी तपकिरी, लिबलिबीत. ते त्यांनी लेकीसमोर ठेवले. तिच्याकडे पाहायचं टाळून ते बायकोवरच खेकसले,

“एवढ्या एकाच वाफ्याला गं कशाला उपाशी ठेवलंस?”