सीटवर राहिलेला रिमोट

मित्रांनो, मला ओळखायला तुम्हाला फार वेळ लागणार नाही. काडेपेटीपेक्षा लहान, काळा, पाठीवर एक लांब ओरखडा असलेला मोटारीचा रिमोट आहे मी. अंगावर दोनच बटणं. एक दारं लावायचं, दुसरं उघडायचं. माझं शिक्षण एवढंच. पण एके काळी या दोन बटणांचा मला भारी ताठा होता. आज त्याची लाज वाटते.

परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात मी जन्मलो आणि खोक्यात बसून ठाण्याच्या एका दुकानात आलो. १९९७ साल होतं. त्या काळी साध्या गाड्यांना रिमोट नसायचाच. ज्याला हौस असेल तो बाहेरून बसवून घ्यायचा. डोंबिवलीचे गॅरेजवाले पोपटराव मला दुकानातून घेऊन गेले. त्यांनी एका पांढऱ्या जुन्या मोटारीच्या चारही दारांत तारा ओढल्या, डॅशबोर्डखाली माझी जोडीदार डबी ठोकली आणि मला मालकाच्या हातात दिलं.

मालकांचं नाव दामाजी. डोंबिवली पश्चिमेला, खाडीला लागून त्यांचं कोळ्याचं घर. घरात म्हातारी आई मनुबाई, बायको सगुणा आणि धाकटा भाऊ नामा. होडी पिढ्यान्‌पिढ्यांची होती, मोटार मात्र घरातली पहिलीच. बोनेटवर नारळ फुटला, हार पडला. हळदीकुंकवाचं एक बोट माझ्याही कपाळी लागलं.

पोपटरावांनी त्या दिवशी सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं होतं, "वहिनी, दोन गोष्टी विसरायच्या नाहीत बरं का. उघडायचं बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात गाडी चालू केली नाही, तर ती आपली आपण लॉक होते. चोराचा बंदोबस्त आहे तो. म्हणून रिमोट गाडीत ठेवून बाहेर यायचं नाही. आणि ही दुसरी साधी चावी. ही वेगळी ठेवा, कपाटात, शेजारी, कुठेही. पण रिमोटबरोबर नको."

सगुणाबाईंनी मान डोलावली. पण पोपटराव गेल्यावर त्यांनी कमरेचा छल्ला काढला, त्यात आधी गाडीच्या चावीसकट मला अडकवलं आणि माझ्या शेजारी ती साधी चावीही.

"वेगली ठेवाला सांगितली ना त्यानं?" नामा म्हणाला.

"घरच्या चाव्या दोन जागी ठेवल्या का घराची दोन घरा होतान," सगुणाबाई म्हणाल्या. "माजी सासू सांगते, तिची सासू सांगाची."

ओट्यावरून मनुबाईंनी समाधानानं हुंकार भरला. मलाही ते बरंच वाटलं. कपाटाची, पेटीची, देव्हाऱ्याची, अशा सगळ्या चाव्यांमध्ये रुबाबात लटकायला कोणाला आवडणार नाही?

त्या घरात माझं सगळ्यात जास्त कौतुक मनुबाईंनी केलं. त्यांची बोटं जाळी विणून विणून वाकडी झाली होती. रविवारी कुठे जायचं असलं की त्या हात पुढे करायच्या. "आन इकरं. मीच उघरनार." अंगठा माझ्यावर टेकवायचा, जोर लावायचा, आणि गाडीची चारही दारं खटकन उघडली की त्या आजूबाजूला बघायच्या, कोणी पाहिलं का म्हणून. टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला गेलो तेव्हा तर त्यांनी देवळाबाहेर तीनदा गाडीची दारं लावली आणि तीनदा उघडली. दामाजी वैतागले नाहीत. आईचं तोंड बघून हसत उभे राहिले.

मग तो दिवस आला. एप्रिल महिना, सकाळचे दहा वाजले असतील. मनुबाई ओट्यावर बोंबील निवडत बसल्या होत्या. एकाएकी त्यांनी छाती धरली आणि त्या आडव्या झाल्या. चेहरा घामानं भिजला. कल्याणच्या दवाखान्यात तातडीनं न्यायला हवं होतं. रिक्षांचा त्या दिवशी संप होता. शेजारच्या घरातून ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर ती दुसरीकडे गेलेली. पण काळजी कसली? दारात मोटार उभी होती.

मित्रांनो, होडीची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. काठावर चिखल असतो. आजारी माणसाला होडीत घ्यायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून हातातलं सगळं सामान आधी होडीत टाकायचं आणि मग माणसाला उचलायचं. सगुणाबाईंचा जन्म त्या रीतीत गेला होता. त्या धावत आल्या, माझं बटण दाबून त्यांनी मागचं दार उघडलं, सीटवर गोधडी पसरली, उशी ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला. छल्ला हातातच होता. तोही त्यांनी उशीशेजारी टाकला, दार ओढून घेतलं आणि सासूला उचलायला धावल्या.

होडी आपलं दार आपण लावून घेत नाही. मोटारीनं लावलं. अर्धं मिनिट झालं आणि चारही दारांतून तोच खटका ऐकू आला.

दामाजी आणि नामा मनुबाईंना खाटेसकट घेऊन आले. दामाजींनी दाराला हात घातला. दार हललं नाही. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. मग त्यांनी काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. मी उशीशेजारी पडलो होतो, आणि साधी चावी माझ्या गळ्यात गळा घालून.

"मी आत टाकली," सगुणाबाई म्हणाल्या. "माज्याच हातान् टाकली वो."

नामा सायकल घेऊन पोपटरावांकडे सुटला. दामाजींनी होडी बांधायचा मोठा दगड उचलला आणि काचेसमोर उभे राहिले. मी आतून ते पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं म्हणालो, मारा! माझ्या अंगावर काचा पडल्या तरी चालेल, मारा! पण रिमोटचा आवाज कोणाला ऐकू येतो?

ऐकू आला तो मनुबाईंचा. खाटेवरून त्या हळूच म्हणाल्या, "दामा, फोरू नको रं. घरची पयली गारी हाय. काच फुटनं बरा नाय. मना बरा वाटतंय आता. पोपट येल."

आईचा शब्द त्या घरात मोडत नसत. दामाजींनी दगड खाली ठेवला.

पोपटराव गॅरेजात नव्हते. दुसऱ्या कामावर होते, तिथून त्यांना शोधून आणेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर दामाजी आईच्या अंगावर सावली धरून उभे होते आणि सगुणाबाई सासूचे तळपाय चोळत होत्या. मी दोन हातांवर होतो. एक बटण, एवढंच काम. ते मला स्वतःला कधी जमलं नाही.

पोपटरावांनी लोखंडी पट्टी काचेच्या फटीतून सरकवली आणि दोन मिनिटांत दार उघडलं. कल्याणचा पत्री पूल ओलांडता ओलांडता मनुबाईंची मान सगुणाबाईंच्या खांद्यावर कलली. दवाखान्यात डॉक्टर रागावले नाहीत, काही विचारलंही नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि कागदावर वेळ लिहिली.

नंतर सांत्वनाला माणसं यायची. सगुणाबाई प्रत्येकाला न विचारता सांगायच्या, "चावी मी आत टाकली." दामाजींनी त्यांना एका शब्दानं कधी दोष दिला नाही. एकदा मात्र ते म्हणाले, "तुजा काय चुकला? दगर माज्या हातान् होता. तो मी खाली ठेवला."

पुढे दोन वर्षांनी गाडी विकली. नव्या मालकानं नवा रिमोट बसवला. मी कपाटाच्या खणात राहिलो. सेल फुगला, त्याचं पाणी माझ्या पोटात उतरलं, बटणं कडक झाली. मला कोणी फेकत नाही आणि कोणी हातातही घेत नाही. माझं दुःख त्याचं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझे भाऊबंद असतील. माझ्यापेक्षा हुशारही असतील. पण यंत्राला माणूस कळत नाही, त्याला फक्त वेळ मोजता येते. म्हणून आम्हाला सीटवर टाकून दार लावू नका. दार लावल्यावर एकदा हातानं ओढून बघा. दुसरी चावी दुसऱ्याच्या हाती राहू द्या, त्यानं घर मोडत नाही. आणि एवढं करूनही कधी आम्ही आत राहिलोच, बाहेर कोणी घामानं भिजून पडलं असेल आणि तेच तुम्हाला "राहू दे, थांब" म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. काच दुसरी बसते. दगड उचला आणि मारा.