सातव्या पानावरची तारीख

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे, पण माझ्यावर ना कधी कुणी जेवले, ना गृहपाठ केला. मी वाचनालयातले वर्तमानपत्रांचे मेज. माझी पाठ घराच्या छपरासारखी दोन्हीकडे उतरती. सुताराने मला सागवानात घडवले आणि प्रत्येक उतारावर एक पितळी दांडी बसवली. त्या दांडीखाली रोज सकाळी वर्तमानपत्र अडकवले जाई. लोक उभ्यानेच वाचत. कोपरे टेकवून टेकवून त्यांनी माझ्या कडा गुळगुळीत केल्या, आणि मला ते आवडे.

खिडकीकडच्या बाजूला सरकारवर तुटून पडणारे पत्र असे, दाराकडच्या बाजूला सरकारचे गोडवे गाणारे. वाचकांच्या जागाही ठरलेल्या. निवृत्त पोस्टमनकाका खिडकीकडे, गणिताचे मास्तर दाराकडे. दोघे लहानपणापासूनचे मित्र, मध्ये फक्त मी.

एका सकाळी बातमी आली, की जुन्या नोटा जाऊन नव्या येणार. खिडकीकडे मथळा होता, ‘जुन्या नोटांची झाली रद्दी’. दाराकडे होता, ‘नवे चलन, नवी पहाट’. आठवडाभरात वाचनालयात दोन तट पडले. खिडकीकडचे वाचक हवालदिल झाले, दाराकडचे हरखून गेले. काका म्हणत, सामान्य माणूस पुरता नागवला गेला. मास्तर म्हणत, काही लोकांना रडायची सवयच असते. माझ्या डोक्यावरून दोघांची रोज जुंपे. पण चार पावले चालून पलीकडचे पत्र वाचावे, असे दोघांपैकी एकालाही सुचले नाही.

अशात एक दिवस समोरच्या गल्लीतल्या शिवणमावशी आल्या. पायाने यंत्र चालवून त्यांचे गुडघे धरले होते. मोटारीवर चालणाऱ्या शिवणयंत्रासाठी त्या कितीतरी वर्षे पैसे साठवत होत्या. एका कापडवाल्याने त्यांना सांगितले होते, की जुन्या नोटा अर्ध्या किमतीला घेतो, उद्या तेवढेही हाती लागणार नाही. खरे-खोटे करायला त्या माझ्याजवळ आल्या. खिडकीकडच्या पत्रात त्या दिवशीही रद्दीचाच मथळा होता; त्याखालून बोट फिरवले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे तो बरोबरच सांगत होता,” असे पुटपुटत त्या वळल्या.

“मावशी, दोन मिनिटं थांबा,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “आत काय लिहिलंय तेही बघू.”

बाईंनी माझ्या दोन्ही दांड्या सोडवल्या आणि पाने उलटत गेल्या. खिडकीकडच्या पत्रात सातव्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली एक चौकट होती. दाराकडच्या पत्रातही तीच चौकट, तितकीच बारीक. वर्षाच्या अखेरच्या तारखेपर्यंत कोणत्याही बँकेत जुन्या नोटा पूर्ण किमतीला बदलून मिळतील, असे तिच्यात लिहिले होते. बाईंनी ते मोठ्याने वाचले. काकांनी चष्मा पुसून स्वतः वाचले. मग मास्तरांनी.

“दोघांनीही छापलं होतं की,” मास्तर म्हणाले.

“छापलं होतं,” बाई म्हणाल्या. “पण त्यांनी आपल्याला तिथवर नेलं नाही, आणि आपणही गेलो नाही.”

काका त्याच दिवशी मावशींबरोबर बँकेत गेले. पुढच्या आठवड्यापासून गल्लीतून मावशींच्या नव्या यंत्राची घरघर ऐकू येऊ लागली. बाईंनी ती चौकट मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी लावली. काका आणि मास्तरांनी मिळून दोन्ही संपादकांना एकच पत्र धाडले, की ही तारीख पहिल्या पानावर छापा. खिडकीकडच्या वर्तमानपत्राने आठ दिवसांनी ती तारीख पहिल्या पानावर घेतली. दुसऱ्याने शेवटपर्यंत घेतली नाही. तरी लोकांच्या बोलण्यातली भीती ओसरली आणि हुरळणेही. आता ते एकमेकांना एवढेच विचारत, की कोणत्या बँकेत रांग कमी आहे. काकांना नव्या नोटा कधीच आवडल्या नाहीत, मास्तरांचे कौतुकही थांबले नाही. पण भांडायच्या आधी दोघेही दोन्ही पत्रे वाचू लागले. मला तेवढे पुष्कळ होते.

आज मोठी माणसे बातम्या फोनवर वाचतात. मला मुलांच्या दालनात आणून ठेवले आहे. तुमची चित्रांची पुस्तके माझ्या उतारावर छान बसतात, मी सुखात आहे. फक्त पाण्याच्या बाटल्या माझ्यावर ठेवू नका, लाकूड फुगते. कर्कटकाने नावे कोरू नका. आणि मित्रांनो, पुढे कधी एखादे मोठे अक्षर तुम्हाला घाबरवू लागले, किंवा नाचवू लागले, तर जागचे हलण्याआधी पान उलटा.