तण नसलेलं रान

"अगं ए बये, कांदा उपटतेयस तू!"

बांधावरून थोरली जाऊ ओरडली तेव्हा मी हातातल्या जुडीकडं नीट पाहिलं. खरंच कांदा होता. कोवळी, सरळसोट रोपं. मागं वळून बघितलं तर निम्मा वाफा मी मोठ्या निगुतीनं मोकळा केलेला आणि उपटलेल्या रोपांच्या जुड्या ओळीनं मांडलेल्या. व्यवस्थितपणात मला कोण हरवणार!

"डोळे गेले का काय?"

"उन्हाची तिरीप आली," मी म्हणाले. ऊन अजून झाडाच्या शेंड्यालाही लागलं नव्हतं.

"तिरीप म्हणे! लेक येऊन बसलीय घरात. आणि तू तिच्यासमोर उभी राहायला तयार नाहीस. रानाचं टक्कल करणारेस का? जा घरी!"

आमचं रान गावात सगळ्यात स्वच्छ. लोक आपल्या सुनांना मुद्दाम दाखवतात. त्यांना काय ठाऊक, घरात कटकट झाली की मी खुरपं उचलते. सासूशी वाजलं तेव्हा बांध कोरून काढला, यांच्याशी अबोला झाला तेव्हा विहिरीकडचा तुकडा. सुखी बाईच्या रानात इतकी सफाई नसते.

या खेपेला लेक पिशवी घेऊन आली नि म्हणाली, "राहते थोडे दिवस." "राहा की," म्हणाले आणि खुरपं घेतलं. आमचे हे बोलतात ते फक्त बैलांशी, म्हणजे विचारायचं मलाच. नवरा मारतो म्हणाली तर? पितो म्हणाली तर? स्थळ मीच निवडलेलं. विचारत नाही तोवर काही झालेलंच नाही, असं मी धरून चालले होते. तण संपलं, धीर काही येईना, म्हणून मग कांदा.

घरी आले. लेक उंबऱ्याशी वाटाणे सोलत बसलेली. मायेनं, मऊ बोलायचं ठरवलं होतं, ते वाटेतच सांडलं.

"का आलीस गं?"

तिनं मान वर केली. "विचारलंस बाई एकदाचं."

"मारतात?"

"छे!"

"पितात?"

"पाणीसुद्धा बेतानं."

"मग?"

"काही बोलायला गेलं की रानात पळतात. सासूबाईंचं दुखणं काढा, माझं शिवण शिकायचं काढा, हे खुरपं घेऊन गायब. अंधार पडला की येतात, जेवतात, झोपतात. भिंतीशी संसार चाललाय माझा. म्हणून इथं आले, तर इथंही..." तिनं माझ्या मातीनं भरलेल्या नखांकडं बघितलं आणि पुढचं गिळलं. मन मोठं आहे पोरीचं.

स्थळ बघायला गेलो तेव्हा मी ना घर धड पाहिलं, ना मुलाशी चार शब्द बोलले. सरळ त्यांच्या रानात गेले. तणाची काडी दिसली नाही. येताना यांना म्हटलं, "डोळे मिटून द्या. अगदी माझ्यासारखा आहे मुलगा."

मी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी जावई आले. दारात लेकीला बघताच त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मामी, जरा रानात चक्कर मारून येतो."

"थांबा, मीपण येते," माझ्या तोंडून निघून गेलं. दोघांचेही हात कोपऱ्याकडं गेले. खुरपं जागेवर नव्हतं. ते लेकीच्या हातात होतं, आणि लेक वाटेत आडवी.

"बसा खाली. दोघंही."

बसलो उंबऱ्याशीच, दोन गुन्हेगार शेजारी शेजारी. तेवढ्यात अंगणातल्या दगडांच्या फटीत जावयांना गवताची एक काडी दिसली. ती माझ्याही नजरेतून सुटली नव्हती म्हणा. त्यांचा हात पुढं सरकला. मी तो धरला.

"राहू द्या ती, जावईबापू. आधी बोला."

त्यांनी लेकीकडं बघितलं, बहुतेक लग्नानंतर पहिल्यांदाच इतका वेळ.

"शिवण शिकावं हिनं. माझी ना नाही. पण आईला कसं सांगायचं, तेच सुचत नव्हतं."

"मग तेच मला सांगायचं ना!" लेक म्हणाली, आणि खुरपं खाली ठेवून रडायला लागली. मी उठणार होते. उठले नाही.

गवताची ती काडी आता चांगली झुडपाएवढी झालीय. थोरली जाऊ येता-जाता नाक मुरडते, "अंगणात केवढं माजलंय गं!"

"माजू दे," मी म्हणते, आणि तिला बसायला पाट देते.