गोचीडबाबाचा सिद्ध गंडा

मैदानात त्या दिवशी जितकी माणसं, तितकीच कुत्री. अक्कल मात्र कुणीच बरोबर आणली नव्हती. निदान कुत्री वास तरी घेऊन बघत होती.

मंचावर गोचीडबाबा बसले होते. हे नाव लोकांनी भक्तीनं ठेवलं होतं, हे विशेष! बाबांनी एका मरतुकड्या कुत्र्याच्या गळ्यात भगव्या कापडात शिवलेला गंडा बांधला आणि गर्जना केली, "रक्तपिपासू जीवांनो, तिन्ही दिशांना पळा!"

"आणि चौथी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"तिकडे मी बसलोय."

मग काही दिवसांपूर्वी गंडा बांधलेली कुत्री पुढे आणली. अंगावर गोचीड औषधालाही नाही! टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांचे नियम कडक होते. गंडा कातडीला टेकलाच पाहिजे, वरचेवर आंघोळ घालायची नाही, लहान मुलांनी तो तोंडात धरायचा नाही, आणि काही महिन्यांनी शक्ती मावळली की नवा घ्यायचा.

शिंपीणकाकूंच्या मनीला पिसवा झाल्या होत्या. काका गेल्यापासून, सून कामावर गेली की, काकूंच्या शिलाई मशीनपाशी तेवढी एक मनीच सोबतीला असायची.

"मांजराला चालेल ना, महाराज?"

"शक्तीला कुत्रं-मांजर सारखंच, माई!"

काकूंनी गंडा मनीच्या गळ्यात बांधला. संध्याकाळी तिचे कान फडफडू लागले, पाय लटपटले, तोंडाला फेस आला. काकू तिला घेऊन धावत बाबांकडे गेल्या.

"दोष बाहेर पडतोय," बाबा डोळे मिटून म्हणाले. "आता गंडा सोडलास, तर मांजर गेलंच समज."

काकूंचा हात गाठीवर गेला नि थबकला. तेव्हा मागोमाग आलेली सून कडाडली, "आई, दोष बाहेर पडेपर्यंत जीव बाहेर पडेल! उचला तिला."

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी काही न विचारता आधी गंडा कापला.

"अहो, मरेल ना ती!"

"ठेवला असता तर मेली असती, काकू." त्यांनी आचके थांबवायचं इंजेक्शन दिलं, कोमट पाण्यानं नि साबणानं मनीचं अंग धुतलं, कोरडं केलं आणि तिला उबदार टॉवेलात गुंडाळलं. मग गंडा काकूंच्या हाती दिला. "आता तुम्हीच टाके उसवा."

आत राखाडी प्लॅस्टिकची पट्टी होती.

"हा कुत्र्यांचा गोचीडपट्टा. औषधांच्या दुकानात मिळतो. बाबाचे नियमही मी रोज सांगते तेच. एकच तेवढा तो गाळून बसला. हा पट्टा मांजराला कधीही घालायचा नाही. कुत्र्याचं शरीर हे औषध पचवतं, मांजराचं पचवू शकत नाही."

पहाटे मनीनं डोळे उघडले. काकूंनी ते पाहिलं, पदरानं नाक पुसलं आणि दोरा ओवला.

दिवस उजाडल्यावर मैदानात काकूंनी बाबांपुढे दोन गंडे ठेवले, एक मनीचा नि एक नवा. मनीच्या गंड्यातली पट्टी काढून त्यांनी तो पुन्हा तस्साच शिवला होता. "महाराज, दोन्हींवर मंत्र घाला."

बाबांनी घसा फुटेस्तोवर मंत्र घातले. पोकळ गंड्यावर तर अंमळ जास्तच! डॉक्टरबाईंनी दोन बरण्यांत गोचीड सोडले, एकेक गंडा टाकला, जाळीची झाकणं लावली आणि बरण्या किराणावाल्याच्या काचेच्या कपाटात कुलपात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी एका बरणीतले गोचीड उताणे पडले होते. पोकळ गंड्याच्या बरणीतले मात्र मजेत भिंत चढत होते. बाबांना तेवढ्यात हिमालयाची हाक आली. एक शिष्यही मागे उरला नाही.

"पण मग ते औषध इतके महिने पुरतं कसं?" एका मुलीनं विचारलं. सगळ्या मैदानाला न सुचलेला प्रश्न!

"माठ पाहिलास ना?" डॉक्टरबाई खाली बसल्या. "पाणी आत, पण पाझरतं बाहेर, थेंबाथेंबानं. तसं औषध या प्लॅस्टिकमध्ये मिसळलेलं असतं. वरचं कुत्र्याच्या केसांतल्या तेलाला लागून अंगभर पसरतं, की आतलं सावकाश वर येतं. आतलं सरलं, की बाबांची शक्ती मावळली!"

मुलगी हसली. मोठी माणसं खाली बघू लागली. बघायलाच हवं होतं.

मुलांनो, औषध खरं होतं. खोटा होता तो बाबा. खऱ्या वस्तूवर भगवं कापड शिवून त्यानं तिचं नाव लपवलं, आणि नाव लपलं म्हणून मनीच्या जिवावर बेतलं. तेव्हा कुणी गुण दाखवला, की आत काय आहे ते विचारा. विचारल्यानं औषधाचा गुण कमी होत नाही. कमी होतात ती बाबाची गिऱ्हाइकं.